मुंबई ते जेद्दा : साडेपाच तास आणि साडेचारशे वर्षं

या वर्षी आमच्या आपाचं हजच्या यादीत नाव आलं. घरात मिठाई वाटून झाली, फोन करून झाले, आणि मग सगळे जमल्यावर माझ्या मुलाने फोनमध्ये पाहून जाहीर केलं, "फुफी, मुंबई ते जेद्दा साडेतीन हजार किलोमीटर. विमानाला साडेपाच तास लागतात."

आपा म्हणाली, "एवढंच? अरे, दापोलीहून एसटीने मुंबईला यायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो."

सगळे हसले. मग तीच जरा थांबून म्हणाली, "आजोबांना जायला दहा दिवस लागले होते. आणि परत घरी यायला साडेतीन महिने."

त्या रात्री माझ्या डोक्यात हे आकडे फिरत राहिले. साडेपाच तास, दहा दिवस, साडेतीन महिने. मुंबई आणि जेद्दा तर जागचे हललेले नाहीत. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, मुंबई १९ अंशांवर आणि जेद्दा साडेएकवीस अंशांवर. म्हणजे नकाशावर बोट ठेवून सरळ पश्चिमेला सरकवलं, मध्ये अरबी समुद्र आणि अरबस्तानचं वाळवंट ओलांडलं, की जेद्दा. विमान जवळपास असंच जातं. वाऱ्यानुसार पाव-अर्धा तास इकडेतिकडे. घड्याळाचा हिशेब तर आणखी गमतीचा. जेद्दाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. सकाळी आठला मुंबईहून विमान सुटलं तर तिथल्या अकरा वाजता उतरतं. फजर इथे पढा, जोहरची नमाज तिथे.

समुद्रमार्ग मात्र सरळ नाही. अरबस्तानला दक्षिणेकडून वळसा घालून एडनपर्यंत जायचं, बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरायचं आणि मग उत्तरेला वर चढायचं. हे अंतर सुमारे २३०० सागरी मैल, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटरच्या पुढे. विमानाच्या वाटेपेक्षा सात-आठशे किलोमीटर जास्त. पण दहा दिवस आणि साडेपाच तास यांच्यातला फरक काही एवढ्या वळशाचा नव्हे. आणि साडेतीन महिन्यांचा तर नाहीच नाही.

आपल्या फिकहने अंतर मोजण्याची एक जुनी रीत सांभाळून ठेवली आहे. प्रवासी माणसाला नमाज कसर करण्याची, म्हणजे चार रकअतींच्या जागी दोन पढण्याची सवलत आहे. किती लांब गेल्यावर? हनफी फकीह म्हणतात, तीन दिवसांची मजल. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्याकडे दोन दिवसांची मजल धरतात. पुढच्या उलमांनी याचे मैल केले, आणि आज किलोमीटरमध्ये सांगायचं तर हे साधारण ऐंशीच्या आसपास येतं. पण मूळ माप मैलांचं नव्हतं. ते माणसाच्या आणि उंटाच्या चालीचं होतं, दिवसांचं होतं. अंतर म्हणजे वाटेत किती वेळ आणि किती त्रास, हा त्यामागचा विचार. हजच्या बाबतीत तर कुरआनने किती लांब हा प्रश्नच ठेवलेला नाही. तिथवर पोहोचण्याची ऐपत ज्याला आहे, त्याच्यावर हज फर्ज. या ऐपतीला इस्तिताअत म्हणतात, आणि फकीहांनी तिच्यात पैसा, तब्येत यांच्याबरोबर वाटेची सुरक्षितताही धरली. हिंदुस्थानातून मक्केला जाण्याचा इतिहास हा खरं तर या इस्तिताअतीचा इतिहास आहे. वाट कोणाला मोकळी होती आणि कोणाला नव्हती, याचा.

शिडाच्या जहाजांच्या काळात पहिला दरबान होता मान्सून. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की जहाजं पश्चिमेला निघायची, आणि नैर्ऋत्येचा जोर ओसरला की ऑगस्ट-सप्टेंबरात परत यायची. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरची बंदरं बंदच. वारा सूर्याच्या वर्षाप्रमाणे चालतो आणि हज चंद्राच्या. हजचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. त्यामुळे काही वर्षी जहाज पोहोचल्यावर लगेच हज, तर काही वर्षी तिकडे महिनोन्‌महिने मुक्काम. वारा चुकला तर वर्ष गेलं. या थांबण्यासाठी सराया लागायच्या. सुरतेत शाहजहानच्या काळात, १६४४ साली, हकीकत खानाने बांधलेली मुघल सराई आजही उभी आहे. तिथे आता महानगरपालिकेचं कार्यालय आहे. त्या काळी सुरतेला बाब-उल-मक्का, मक्केचा दरवाजा, म्हणत.

दुसरा दरबान आला पोर्तुगीज. सोळाव्या शतकात त्यांनी अरबी समुद्रावर आपला परवाना लादला. कार्ताझ नावाचं हे कागद जवळ नसेल ते जहाज लुटायचं किंवा बुडवायचं. या परवान्यावर मरियम आणि ईसा यांची चित्रं असायची. अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी लिहितो, की मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी हिंदुस्थानच्या मुसलमानांवर हज फर्ज राहिलेला नाही, असा फतवा दिला. कारण खुष्कीची वाट शिया इराणातून, आणि समुद्राची वाट चित्रांचा परवाना खिशात घेऊन. वाट सुरक्षित आणि इज्जतीची नाही, तर इस्तिताअत नाही, असा तो युक्तिवाद.

अकबराची आत्या गुलबदन बेगम मात्र निघाली. बाबराची ही मुलगी, हुमायूननामा लिहिणारी. १५७५ साली ती फत्तेपूर सिक्रीहून निघाली तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. काफिल्यात बहुतेक राजघराण्यातल्या स्त्रिया होत्या. अकबराची बेगम सलीमा सुलतानही त्यात होती. सुरतेला येऊन हा काफिला अडला. बादशहाची आत्या असूनही पोर्तुगिजांचा परवाना मिळेपर्यंत जवळपास वर्ष गेलं. १५७६ मध्ये जहाज सुटलं. या स्त्रिया तीन वर्षांहून जास्त काळ हिजाजमध्ये राहिल्या. परतताना एडनजवळ जहाज फुटलं आणि तिथे पुन्हा महिनोन्‌महिने अडकून पडल्या. १५८२ मध्ये त्या सिक्रीला परत पोहोचल्या. निघाल्यापासून साडेसहा वर्षं. प्रत्यक्ष समुद्रावरचे दिवस मोजले तर त्या साडेसहा वर्षांचा ते लहानसा तुकडा भरतील. बाकी सगळा काळ वारा, परवाना आणि फुटलेलं जहाज यांनी खाल्ला.

आमच्या बाजूची एक गोष्ट याच्या उलट आहे. वाशिष्ठी खाडीच्या मुखावरचं दाभोळ हे बहमनींच्या आणि पुढे आदिलशाहीच्या काळातलं मोठं बंदर. दख्खनचे हाजी इथूनही जहाजात बसत. दाभोळच्या धक्क्याजवळ जुनी शाही मशीद आहे. तिच्याबद्दल गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की विजापूरची एक शहजादी मक्केला जायला म्हणून मोठा लवाजमा आणि खजिना घेऊन इथवर आली. पण समुद्रावर चाच्यांची भीती होती, म्हणून जहाज सुटलंच नाही. मग हजसाठी आणलेला पैसा तिने मशिदीवर लावला. कथा किती खरी हा वेगळा विषय. लहानपणी त्या मशिदीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही ती ऐकली, तेव्हा मला फक्त समुद्र दिसत होता. इतका जवळ, की जायला काय हरकत होती, असं वाटायचं.

भीती काल्पनिक नव्हती. १६९५ साली मोख्याकडून हाजी आणि व्यापारी घेऊन परतणारं औरंगजेबाचं गंज-ए-सवाई हे प्रचंड जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने सुरतेपासून थोड्या दिवसांच्या अंतरावर लुटलं. जहाजावरच्या स्त्रियांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या घेतल्या. घर समोर दिसू लागलं होतं तेव्हा. बादशहा एवढा संतापला की सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकलं गेलं.

वाफेचं जहाज आलं आणि वाऱ्याची गुलामी संपली. १८६३ च्या अखेरीस भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम हजला निघाल्या, त्या मुंबईहूनच जहाजात बसल्या. राज्य चालवणाऱ्या या बाईने परत आल्यावर आपल्या प्रवासाची हकीकतही लिहिली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. मुंबईच्या हाजीला त्या कालव्यातून जायचं नव्हतं, पण त्याच्यामुळे तांबड्या समुद्रातून आगबोटींची रहदारी वाढली. सुरत मागे पडली आणि मुंबई हिंदुस्थानचं, किंबहुना मध्य आशियातल्या हाजींचंही, मोठं बंदर झालं. जहाजाची वाट पाहणाऱ्यांसाठी मुसाफिरखाने उभे राहिले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यांतलाच.

सागरी प्रवास आता दिवसांवर आला होता. मग वेळ कुठे जाऊ लागला? रोगाच्या नाकेबंदीत. १८६५ च्या हजमध्ये कॉलऱ्याची साथ आली. हिजाजमध्ये सुमारे पंधरा हजार हाजी मेले आणि साथ सुएझमार्गे युरोपात पोहोचली. पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हाजींच्या जहाजांवर सगळ्या जगाची नजर बसली. १८८२ पासून तुर्कांनी येमेनच्या किनाऱ्याजवळच्या कामरान बेटावर क्वारंटाइनचा तळ उघडला. दक्षिणेकडून येणाऱ्या हाजींनी तिथे उतरायचं, आंघोळ करायची, कपडे वाफेच्या यंत्रात द्यायचे आणि झोपड्यांमध्ये दिवस काढायचे. दहा दिवसांपर्यंत, आणि जहाजात रोग निघाला तर त्याहूनही जास्त. म्हणजे मुंबई ते जेद्दा जेवढे दिवस जहाज चालायचं, जवळजवळ तेवढेच ते थांबायचं. कामरानचा तळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला.

मग १८९७ आलं. हे साल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. प्लेग, रँड, चाफेकर. त्याच प्लेगमुळे त्या हंगामात सरकारने हिंदुस्थानच्या बंदरांतून हजची वाहतूक बंद केली. पुण्यातल्या घरांत सोल्जर शिरत होते, तेव्हा मुंबईच्या मुसाफिरखान्यांत गाठोडी बांधून बसलेले लोक परत गावी फिरत होते. प्लेगच्या बंदोबस्ताचा राग आपल्या इतिहासात नीट नोंदला गेला. हजचं जहाज न सुटल्याचं दुःख मात्र घराघरांत राहिलं.

गरीब हाजीचा प्रश्न याच काळातला. अनेक लोक जाण्यापुरते पैसे जमवून निघायचे. येताना अल्लाह बघेल. तिकडे ते अडकून पडायचे आणि त्यांना परत आणायचा खर्च कोणी करायचा यावर सरकारी फायली भरायच्या. १८८६ मध्ये सरकारने थॉमस कुक या प्रवासी कंपनीला हजची व्यवस्था देऊन पाहिली. ती १८९३ मध्ये संपली. पुढे १९२० च्या दशकात परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत रक्कम सक्तीची झाली. हेतू चांगला होता, हे मान्य. पण डेकवर बसून निम्म्या पैशांत निघणाऱ्या माणसासाठी मक्का एका फटक्यात दुप्पट लांब झाली.

आमचे आजोबा १९६३ साली गेले ते डेकनेच. पावसाळ्यापूर्वीची कलमं विकून आणि दोन वर्षं भाताचे पैसे बाजूला ठेवून. दाभोळहून किनाऱ्याच्या बोटीने मुंबई, मुसाफिरखान्यात पंधरा दिवस, मग मोगल लाइनचं जहाज. बरोबर वळकटी, स्टोव्ह, तांदूळ, सुकी मच्छी आणि लोणच्याची बरणी. खिशात हजच्या नोटा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढायची. त्यांच्या क्रमांकाआधी एचए ही अक्षरं असायची आणि त्या इथे नाही, तिकडेच चालायच्या.

आपा तेव्हा पाच वर्षांची. तिला आठवतं, की गाव सोडण्याआधी आजोबांनी दारोदार जाऊन माफी मागितली. कोणाचं देणं, कोणाशी भांडण, सगळं मिटवलं. बांधावरून ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्या कुळकर्ण्यांच्या घरीही गेले. परत येऊ याची खात्री नव्हती, म्हणून हज म्हणजे जिवंतपणी केलेली निरवानिरव होती. जहाजावर दिवसातून पाच वेळा डेकवर जमात व्हायची. कोणाला ओकाऱ्या, कोणाला ताप. यलमलमच्या रेषेशी आलं की भोंगा वाजायचा आणि सगळे पुरुष दोन पांढऱ्या चादरींत. जमीनदार आणि कूळ ओळखू येईना, असं आजोबा सांगायचे. आज विमान पूर्वेकडून, वाळवंटावरून येतं. त्यामुळे मीकात यायच्या आधी विमानात घोषणा होते, आणि अनेक जण धावपळ नको म्हणून मुंबई विमानतळावरच इहराम बांधतात.

माझगावच्या यलो गेटमधून हजचं शेवटचं जहाज १९९५ मध्ये सुटलं. तोवर विमानांनी बाजी मारलीच होती. जेद्दाला १९८१ मध्ये हज टर्मिनल उघडलं. तंबूंसारखं दिसणारं त्याचं छप्पर उभं करणारे इंजिनिअर फजलुर रहमान खान हे बंगालचे सुपुत्र. जहाज गेलं आणि त्याच्याबरोबर स्वस्त डेकही गेला. विमानाच्या भाड्यातला फरक भरण्यासाठी सरकारी अनुदान होतं. ते हाजीच्या हातात कधी येत नव्हतं, विमान कंपनीला जात होतं. पण "तुम्हाला सरकार फुकट हजला पाठवतं" हे टोमणे आपण सगळ्यांनी ऐकले आहेत, मीही ऑफिसात ऐकले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इस्तिताअतीच्या आयतीचाच दाखला देऊन हे अनुदान दहा वर्षांत संपवा आणि पैसा शिक्षणाकडे वळवा असं सांगितलं. २०१८ मध्ये ते बंदच झालं. मला त्याचं दुःख नाही. ज्याच्यावर हज फर्ज नाही त्याने उसन्या पैशांनी जाऊ नये, हे आजोबाही म्हणायचे. पण त्याच वर्षी पुन्हा जहाज सुरू करण्याची घोषणा झाली होती. नव्या जहाजाला तीन-चार दिवस पुरतील असं सांगितलं गेलं. ते जहाज अजून सुटलेलं नाही. गरिबाला आपल्या पैशांनी जाता येईल अशी वाट हवी होती. ती मागायला आपण विसरलो.

आणि २०२०, २०२१? विमानं होती, पैसे होते, साडेपाच तासांचं अंतर तेच होतं. कोविडने दोन्ही वर्षी इथून एकालाही जाता आलं नाही. १८९७ ची आठवण किती जणांना आली असेल?

शेवटी आपाबद्दल. तिचे मियाँ जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा नाही. भाऊ म्हणून मी बरोबर जावं, तर दोघांचे पैसे एकदम जमेनात. मेहरम नाही म्हणून ती थांबली होती. तिच्यासाठी मक्का साडेतीन हजार किलोमीटरवर नव्हती, एका पुरुषाच्या अंतरावर होती. शाफई फिकहमध्ये भरवशाच्या बायकांची सोबत असेल तर फर्ज हजला बाई जाऊ शकते, हे आमच्या किताबांत पूर्वीपासून लिहिलेलं आहे. पण सरकारी नियमाला ते २०१८ पर्यंत माहीत नव्हतं. त्या वर्षी पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना, ज्यांच्या मसलकमध्ये परवानगी आहे त्यांना, चौघींच्या गटाने जायची मुभा मिळाली. आता आपा तिच्या तीन मैत्रिणींबरोबर जाते आहे. चौघी विधवा, चौघी कोकणातल्या. गुलबदनच्या काफिल्यासारख्याच बायका, फक्त परवान्यासाठी सुरतेत वर्षभर बसायला न लागलेल्या.

परवा ती गावी जाऊन आली. मी विचारलं, कशाला गेली होतीस, तयारी तर मुंबईतच करायची आहे. म्हणाली, "माफी मागायला. विमान साडेपाच तासांत पोहोचवतं, ते ठीक आहे. पण माणसांपर्यंत जायला मला चार दिवस लागले."

कुळकर्ण्यांच्या घरी आता त्यांचा नातू राहतो. त्याने तिला चहा पाजला आणि दुआ करायला सांगितली.